जंगलाचा हंगाम आणि घराचा हंगाम

भिलाई ही पोलादाची नगरी. १९५५ साली तत्कालीन सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली आणि त्यानंतर नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून व उर्वरित महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबे येथेच रुजली. मैत्रीबागेतील पांढरे वाघ पाहतच या गावातील मुले लहानाची मोठी होतात. मात्र गजाआडचा वाघ आणि रानातला वाघ यांतील अंतर ज्याला एकदा कळले, त्याचे मन मैत्रीबागेत फार काळ रमत नाही. मग घरात विषय निघतो, ‘या वर्षी जंगलात जायचेच!’

या बाबतीत भिलाईकर मोठे भाग्यवान होत. नकाशा उघडून पाहावा. पश्चिमेस राष्ट्रीय महामार्गाने बागनदी ओलांडली की सुमारे दीडशे किलोमीटरवर गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील नवेगाव-नागझिरा, वायव्येस कवर्ध्यावरून चिल्फी घाट चढून सुमारे दोनशे किलोमीटरवर कान्हा, दक्षिणेस केशकालचा घाट ओलांडून सुमारे तीनशे किलोमीटरवर जगदलपूर व कांगेर खोरे, आणि नागपूरमार्गे साडेतीनशे ते चारशे किलोमीटरवर ताडोबा. ही सारी ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. त्यामुळे ‘कोठे जावे’ हा प्रश्न आपल्यापुढे फारसा नाही. खरा प्रश्न आहे तो ‘केव्हा जावे’ हा.

एकच उत्तर का नाही?

हा प्रश्न कोणालाही विचारला तरी ठरलेले उत्तर मिळते : ‘उन्हाळ्यात जा, वाघ हमखास दिसतो.’ हे उत्तर अगदी चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते वाघापुरते आहे. घरातील सत्तरीचे आजोबा, पाचवीतली नात आणि वर्षातून एकदा मिळणारी सलग रजा यांचा त्यात विचार नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले-नातवंडे सुटीत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी मोटारगाडी भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या सफरीला निघतात. तेथे हंगाम ठरवते ते मुख्यतः बर्फ. १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन उद्यानातील बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या प्रारंभापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सामान्य मोटारींना बंद असतात. उलट कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली येथे १९१३ साली ५६.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. तेथे जायचे ते हिवाळ्यात. म्हणजे एकाच देशात दोन उद्यानांचे हंगाम परस्परविरुद्ध. आपल्याकडे बर्फाची जागा पाऊस घेतो. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस बस्तरच्या बाजूने छत्तीसगडमध्ये शिरतो, जंगलातील कच्चे रस्ते चिखलात जातात आणि व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र साधारणतः १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद राहते. उरलेल्या नऊ महिन्यांत जंगल किमान चार वेळा रूप पालटते. त्यांपैकी कोणते रूप आपल्याला पाहावयाचे आहे आणि कोणते आपल्या घरच्या मंडळींना झेपणारे आहे, हे ठरविणे म्हणजेच हंगाम निवडणे होय.

यासाठी तीन पंचांगे शेजारी-शेजारी ठेवावी लागतात : जंगलाचे, घराचे आणि पैशाचे. प्रथम जंगलाचे पाहू.

दिवाळीनंतरचे जंगल : पाणी आणि हिरवाई

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उद्याने नुकतीच उघडलेली असतात. गवत पुरुषभर उंच असते, नाले वाहते असतात आणि प्रत्येक झुडपाआड पाणी उपलब्ध असल्याने प्राणी एका जागी येत नाहीत. या काळात केवळ वाघासाठी कान्ह्याला वा ताडोब्याला गेलेले कुटुंब निराश होऊन परतण्याचा संभव अधिक. पण हाच काळ बस्तरचा आहे. इंद्रावती नदीवरील चित्रकोटचा धबधबा आणि कांगेर खोऱ्यातील सुमारे तीनशे फूट उंचीचा तीरथगडचा धबधबा अद्याप भरलेले असतात, हवा स्वच्छ असते आणि केशकाल घाटातील बारा वळणे हिरवाईतून चढता येतात. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या कांगेर खोऱ्यात साल आणि साग या दोन्ही वृक्षांची सरमिसळ आढळते. छत्तीसगडचा राज्यपक्षी पहाडी मैना येथलाच.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवाव्यात. कुटुमसरच्या गुहेत पावसाळ्यात पाणी भरते, म्हणून ती काही महिने बंद असते. ती पुन्हा उघडल्याची खात्री करूनच निघावे. तसेच ७५ दिवस चालणाऱ्या बस्तरच्या दसऱ्याचा अखेरचा सोहळा विजयादशमीच्या सुमारास असतो. तेव्हा जगदलपुरात राहण्याची जागा मिळणे कठीण होते. दसरा पाहावयाचा नसेल, तर दिवाळीची सुटी अधिक सोयीची.

नाताळची सुटी : दव, धुके आणि बारशिंगा

डिसेंबर-जानेवारीत कान्ह्याच्या कुरणांवर पहाटे गोठलेले दव दिसते. तापमान शून्याच्या आसपास उतरते. याच सुमारास बारशिंगांचा विणीचा हंगाम असतो. नरांची शिंगे पूर्ण वाढलेली असतात आणि त्यांच्या हाका कुरणभर ऐकू येतात. कठीण जमिनीवर राहणाऱ्या या बारशिंगांची संख्या १९७० च्या सुमारास अवघ्या ६६ पर्यंत खाली आली होती. कुरणांची निगा, शिकारीवरील बंदी, उद्यानातील गावांचे स्थलांतर आणि कुंपण घातलेल्या क्षेत्रात केलेले संवर्धन यांमुळे ही जात वाचली. आज कान्ह्यात बारशिंग्यांचा कळप पाहणे हा वाघ दिसण्याइतकाच मोलाचा अनुभव मानावयास हवा, आणि तो हिवाळ्यात जवळजवळ नक्की मिळतो.

पक्षिप्रेमींसाठीही हेच दिवस. नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात. ज्येष्ठ वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकातून हा परिसर मराठी वाचकांच्या घरोघरी पोचविला. तेवढेही लांब जाणे शक्य नसेल, तर बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा ही पक्ष्यांची पाणथळ जागा एका दिवसात पाहून परत येण्याजोगी आहे.

या ऋतूचा दोष म्हणजे थंडी. उघड्या जिप्सीतून पहाटे फिरताना लागणारा वारा लहान मुले आणि दम्याचा त्रास असणारे ज्येष्ठ यांना बाधतो. कानटोपी, हातमोजे आणि पांघरूण नेल्यावाचून जाऊ नये, अथवा ज्येष्ठांनी केवळ दुपारची फेरी घ्यावी. महामार्गावर दाट धुके असते, म्हणून सूर्य वर आल्यावरच घर सोडावे. शिवाय २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात सर्वत्र गर्दी उसळते आणि निवासाचे दर चढतात.

होळीच्या आसपास : सौम्य आणि रंगीत

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ जाणकारांना सर्वाधिक प्रिय. पळस फुललेला असतो, कुसुमाला लाल कोवळी पालवी फुटते, मार्च सरता सरता मोहाची फुले टपटपू लागतात आणि ती खाण्यासाठी अस्वले बाहेर पडतात. छत्तीसगडचा राज्यवृक्ष साल, म्हणजेच आपल्या भागातील ‘सरई’, जुनी पाने टाकता टाकताच नवी लेवून उभा राहतो. पहाट गार असते, पण बोचरी नसते. दुपार उबदार असते, पण भाजून काढणारी नसते. गवत वाळून खाली बसू लागते, लहान डबकी आटतात आणि प्राणी मोठ्या पाणवठ्यांकडे वळू लागतात. वाघ दिसण्याची शक्यता वाढते आणि माणसाचे हालही होत नाहीत.

अडचण एकच : हाच परीक्षांचा काळ. तिच्यावरचा तोडगा पुढे ‘घराचे पंचांग’ पाहताना सांगितला आहे. होळीच्या दिवशी उद्यान बंद असण्याची शक्यता असते, हेही आरक्षणापूर्वी पाहून घ्यावे.

एप्रिल-मे : वाघाचे दिवस, माणसाची परीक्षा

आता ‘उन्हाळ्यात जा’ या सल्ल्याकडे वळू. ताडोबा हे १९५५ साली स्थापन झालेले महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. येथील जंगल प्रामुख्याने साग आणि बांबूचे. उन्हाळ्यात सागाची पानगळ पूर्ण झालेली असते. त्यामुळे कान्ह्याच्या सालवनापेक्षा येथे दूरवरचे दिसते. पाणवठे मोजकेच उरतात. वाघ हा पाण्यात बसून राहणारा प्राणी असल्याने तो दिवसातून कधी ना कधी तेथे येतो. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार मध्य प्रदेशात ७८५, महाराष्ट्रात ४४४, तर छत्तीसगडमध्ये १७ वाघ आहेत. म्हणजे निव्वळ वाघासाठीच जायचे असेल, तर भिलाईकराने राज्याची सीमा ओलांडावी आणि एप्रिल-मे हेच महिने निवडावेत, हे मान्य करावे लागेल. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठा न्याहाळण्याचा उपक्रम वन विभाग राबवितो. धडधाकट व शांत बसू शकणाऱ्या तरुणांनी तो अनुभव अवश्य घ्यावा.

परंतु चंद्रपूर जिल्ह्याचे तापमान या दिवसांत ४५ अंशांच्या पुढे जाते. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की आपल्याकडे ज्याला ‘नवतपा’ म्हणतात, ते नऊ दिवस तर घराबाहेर पडण्याचेही नव्हेत. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकारासाठी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांना दुपारच्या उघड्या जिप्सीत तीन तास बसविणे हा धोका आहे. वाघ पाहण्याच्या उत्साहात तो पत्करू नये. जायचेच असेल, तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जावे, फक्त पहाटेची फेरी घ्यावी, दहा वाजेपर्यंत परतावे आणि पाणी व मीठ-साखरेचे मिश्रण जवळ बाळगावे.

पावसाळा : जंगलाची रजा

जुलै ते सप्टेंबर हा जंगलाच्या विश्रांतीचा काळ. गवत वाढते, पाणवठे भरतात, रस्त्यांच्या जखमा भरून येतात. या काळात काही ठिकाणी बफर क्षेत्रातील फेऱ्या हवामान पाहून चालू असतात, पण त्यांवर सहलीचा बेत उभारू नये. चित्रकोटचे विराट रूप मात्र याच दिवसांत दिसते. तेव्हा नदी सुमारे तीनशे मीटर रुंदीने कोसळत असते. ज्याला जंगल नव्हे, पाणी पाहावयाचे आहे, त्याचा हा हंगाम.

चाकांवरचे घर : सोय आणि मर्यादा

अलीकडे आपल्याकडेही कॅराव्हॅनची चर्चा वाढली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले आणि केरळनेही त्याच वर्षी असे धोरण जाहीर केले. तीन पिढ्यांच्या कुटुंबाला चाकांवरचे घर आकर्षक वाटते, कारण आजी-आजोबांना वाटेत पडता येते, स्वच्छतागृहाची चिंता राहत नाही आणि घरचे पथ्याचे जेवण करता येते. परंतु येथेही ऋतूचा विचार सुटत नाही. उन्हाळ्यात अशा वाहनात रात्र काढावयाची तर वातानुकूलन यंत्रासाठी बाहेरून वीजजोड हवा, आणि तो जंगलाजवळील प्रत्येक मुक्कामी मिळेलच असे नाही. पावसाळ्यात जड वाहनाची चाके मऊ जमिनीत रुततात. म्हणजे कॅराव्हॅनसाठी नोव्हेंबर ते मार्च हाच योग्य काळ ठरतो. कान्हा वा ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात आपले वाहन नेता येत नाही. ते प्रवेशद्वाराबाहेर उभे करून नोंदणीकृत जिप्सीतूनच फिरावे लागते.

ज्यांना कॅराव्हॅन परवडत नाही ते टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतात. येथे एक व्यवहारी सूचना. भाड्याचे वाहन पिवळ्या पाटीचे, पर्यटन परवाना असलेले आणि विमा चालू असलेलेच घ्यावे. आपली वाट तीन राज्यांतून जाते, त्यामुळे त्या-त्या राज्यांत जाण्याचा परवाना आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात भाड्याने मिळते खरी, परंतु अपघात झाल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. वाचलेल्या चार पैशांपेक्षा तो तोटा कितीतरी मोठा असतो. घाटाचा आणि जंगलालगतचा रस्ता अंधार पडण्यापूर्वी संपवावा. तेथे वन्यप्राणी रस्ता ओलांडत असतात.

घराचे पंचांग

आता घराकडे वळू. उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघे दुखरे, मुलगा पाळीच्या नोकरीत, सून शिक्षिका, नातू दहावीत आणि नात पाचवीत. या घराला उन्हाळ्यात सुटी आहे, पण आजोबांना ऊन सोसत नाही. जानेवारीत जंगल सुंदर आहे, पण नातवाची सराव परीक्षा आहे. फेब्रुवारी सर्वोत्तम आहे, पण दहावीचे वर्ष आहे. ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणत असे बेत पुढे ढकलले जातात. पुढच्या वर्षी नातवाचे अकरावीचे शिकवणी वर्ग सुरू होतात, आणि आजोबांचे गुडघे तर वाट पाहत थांबत नाहीत.

अशा वेळी एक साधा नियम उपयोगी पडतो : ज्याची अडचण हलविता येत नाही, त्याच्यापासून सुरुवात करावी. आजोबांची प्रकृती हलविता येत नाही, म्हणून मे महिना बाद. नातवाची परीक्षा हलविता येत नाही, म्हणून डिसेंबर ते मार्चचा मध्य बाद. मग उरतात दोनच जागा : दिवाळीची सुटी आणि परीक्षा संपल्यापासून नवे सत्र सुरू होईपर्यंतचा मार्चअखेरचा आठवडा. दिवाळीत बस्तर किंवा मार्चअखेरीस कान्हा, असा निर्णय मग आपोआप समोर येतो. त्यांतही नातवाच्या डोक्यावर परीक्षेचे ओझे नसलेला मार्च सरस. शिक्षिका असलेल्या सुनेने तेवढी उत्तरपत्रिकांची तारीख आधी विचारून घ्यावी. आम्हा बँकवाल्यांना मात्र ३१ मार्चमुळे हा मार्ग कायमचा बंद आहे, हा भाग वेगळा!

पैशाचे पंचांग

हंगाम ठरला की पैशाचे गणित सोपे होते. चांगल्या हंगामातील प्रवेशपत्रे ऑनलाइन आरक्षणातून महिनोन्‌महिने आधी संपतात, तेव्हा खर्चाचा मोठा भाग प्रवासाच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या तीन-चार महिने आधीच करावा लागतो. अनेक कुटुंबांची गल्लत होते ती येथेच. सहल मार्चअखेरीस असेल, तर रक्कम नोव्हेंबरअखेरीस हाताशी हवी. म्हणजे बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात उघडावे. दरमहा ३,००० रुपये भरल्यास ३६,००० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज ऐन आरक्षणाच्या वेळी मिळते. मुदत ठेव मध्येच मोडण्याची आणि व्याज गमावण्याची वेळ येत नाही. पर्यटनासाठी कर्ज घेण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच श्रेयस्कर.

खर्च कमी करण्याचा दुसरा उपाय वारांचा. ताडोब्यात शनिवार-रविवारचे दर इतर दिवसांपेक्षा अधिक असतात, आणि मंगळवारी उद्यान बंद असते. कान्ह्यात बुधवारी दुपारची फेरी नसते. म्हणून रविवारी दुपारी घर सोडून सोमवारी फिरणे, अथवा बुधवारी प्रवास करून गुरुवार-शुक्रवारी फिरणे फायद्याचे ठरते. आरक्षण ज्या ओळखपत्रावर केले, ते मूळ स्वरूपात बरोबर असावे. जंगलालगत मोबाईलचे जाळे अनेकदा मिळत नाही. मोबाईलवरून पैसे चुकते करण्यावर विसंबून न राहता थोडी रोकडही जवळ ठेवावी.

शेवटी निवड आपली

थोडक्यात सांगायचे तर पाण्यासाठी दिवाळी, बारशिंगा व पक्ष्यांसाठी नाताळ, रंग व सुखद हवेसाठी होळी आणि वाघासाठी एप्रिल. सर्वांसाठी सर्वोत्तम असा एकच हंगाम नाही. आपल्या घरासाठी सर्वोत्तम असा हंगाम मात्र असतोच, आणि तो कॅलेंडर समोर ठेवून एका संध्याकाळी शोधता येतो.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जंगल पुढल्या वर्षीही तेथेच असणार आहे. सरईला पालवी फुटेल, मोह टपकेल, बारशिंगे साद घालतील. परंतु आजोबा, आई-वडील आणि नातवंडे एकाच गाडीत बसून एकत्र जाऊ शकतील, अशी वर्षे कोणत्याही घरात मोजकीच असतात. त्या हंगामाला कोणतेही वेळापत्रक नसते. म्हणून जंगलाचा थोडा कमी चांगला महिना पत्करावा लागला तरी चालेल, घराचा हंगाम मात्र हुकवू नये. वाघ दिसला तर आनंदच आहे. न दिसला तरी पहाटेच्या शांततेत आजोबांनी नातीला दाखविलेला एखादा नीलपंख तिच्या आठवणीत आयुष्यभर राहील.